कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत बसून मोगल अनलॉक केले त्याची गोष्ट

एम्पायर टोटल वॉर या कॉम्प्युटर गेममध्ये मराठे पहिल्यापासूनच खेळता येतात, त्यांना काही अनलॉक बिनलॉक, म्हणजे कुलूप काढून खेळण्याजोगं, करायला लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला मी हे सांगितलं त्यानं पहिला प्रश्न तोच केला, की अरे मराठे आहेत की त्यात, मग बाकीचं कशाला उघडत बसलायस. २००९ चा गेम आहे, म्हणजे तसा म्हाताराच. सुरुवात १७०० सालात, शेवट १७९९ ला, एका वर्षाच्या दोन चाली, नकाशावर युरोप, अमेरिका आणि भारत असे तीन मोठे भाग आणि त्यात आपले मराठे साताऱ्याला राजधानी करून बसलेले. हे घेऊन मी इतक्यांदा भारत जिंकलाय की आता पहिल्या पाच चाली डोळे झाकून खेळतो. मोगल संपले की पुढं मजाच उरत नाही, जहाजं बांधा आणि युरोपवाल्यांच्या व्यापाराच्या मार्गावर जाऊन भांडा एवढंच राहतं.

मग एकदा डोक्यात आलं की समोरच्या बाजूनं बघूया. १७०० सालचा मोगल म्हणजे एवढं मोठं राज्य, खजिना, फौज, सगळं असून दक्खनेत अडकून पडलेला म्हातारा बादशहा. त्याला नेमकं काय दिसत असेल. पण गेममध्ये मोगल निवडायचा पर्यायच नाही. ते फक्त कॉम्प्युटरनं चालवायचे, आपण फक्त मारायचे. मैसूरचं पण तसंच, इराणचं पण तसंच.

माझ्या दोस्ताला, पव्याला, सांगितल्यावर तो आधी गप्पच बसला आणि मग म्हणाला, "शिवाजी पेठेत राहतोस आणि मोगल खेळणार व्हय? तालमीत सांगू काय सगळ्यांना?" म्हटलं सांग की, तालमीत कुणाला एम्पायर माहिती आहे.

तर हे अनलॉक करायचं खूळ मुळात डोक्यात शिरलं ते मेडिव्हल टू पासून, म्हणजे टोटल वॉरच्याच आधीच्या एका गेमपासून, तिथनं सुरू करतो, कारण ज्याला यातलं काहीच माहिती नाही त्यानं सुरुवात तिथनंच करावी असं माझं मत आहे. २००६ चा गेम. त्यात पहिल्यांदा उघडल्यावर फक्त पाच राज्यं खेळायला मिळतात, इंग्लंड, फ्रान्स, पवित्र रोमन साम्राज्य, स्पेन आणि व्हेनिस. बाकी बारा, म्हणजे सिसिली, मिलान, स्कॉटलंड, बायझंटाइन, रशिया, मूर, तुर्क, इजिप्त, डेन्मार्क, पोर्तुगाल, पोलंड, हंगेरी, ही कुलूप लावलेली असतात आणि ती उघडायची तर एक तर त्या त्या राज्याला मोहिमेत संपवा, नाहीतर सगळी मोहीम जिंका. कॉलेजला असताना ठीक होतं. आता दिवसभर शिरोलीत कास्टिंगच्या ड्रॉइंगवर डोळे फोडून घरी आल्यावर जेवण झाल्यावर जो दीड तास मिळतो त्यात कोण फ्रान्स घेऊन अर्धा युरोप जिंकत बसणार आणि मग त्याचं बक्षीस म्हणून तुर्क मिळणार.

तर त्याला कसलंच मोड, म्हणजे बाहेरच्या लोकांनी बनवलेली जोडणी, लागत नाही. गेमच्या फोल्डरमध्ये डेटा, त्यात वर्ल्ड, त्यात मॅप्स, त्यात कॅम्पेन, त्यात इम्पीरियल कॅम्पेन, असं आत आत गेलं की डेस्क्र_स्ट्रॅट नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडते. आणि पहिल्याच पानावर तीन याद्या, प्लेएबल, अनलॉकेबल आणि नॉनप्लेएबल, प्रत्येकीच्या शेवटी एंड. मधल्या यादीतली नावं कट करायची, वरच्या यादीत पेस्ट करायची, सेव्ह. झालं. गेम चालू केला की सतराच्या सतरा राज्यं हजर. आधी फाइलची एक कॉपी बाजूला ठेवायची एवढं मात्र करायचंच, आणि गेम सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर विंडोज सेव्ह करू देत नाही, तेव्हा नोटपॅड अ‍ॅडमिन म्हणून उघडायचं.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला जिंकल्यापेक्षा जास्त आनंद झालेला, खरं सांगतो. कारण त्या फाइलीत नुसती नावं नसतात. मोहीम १०८० ला सुरू होते, १५३० ला संपते, एक चाल म्हणजे दोन वर्षं, हे सगळं तिथं आकड्यात लिहिलेलं असतं आणि बदलता येतं. कुठल्या राज्याकडं किती पैसे, कुठला सरदार कुठल्या गावात उभा, त्याचं वय काय, त्याच्या हाताखाली कुठल्या तुकड्या, दरोडेखोर किती वेळानं उगवायचे, चाचे किती. अख्खी दुनिया एका टेक्स्ट फाइलीत. आणि एक गंमत पण तिथंच कळली, की एका चालीला दोन वर्षं जात असली तरी माणसं मात्र चालीला अर्ध्याच वर्षानं म्हातारी होतात, म्हणून मेडिव्हल टू मधले राजे एवढे टिकतात. मी चालीची दोन वर्षं काढून अर्धं वर्ष केलं, मग हिशोब जुळला पण मोहीम एवढी लांबली की कुणाच्यानं संपायची नाही.

तर बारा झाली, मग साहजिकच खालच्या तिसऱ्या यादीकडं नजर गेली. त्यात पोपचं राज्य, अझ्टेक, मंगोल, तैमुरी आणि बंडखोर. इथनं खरा खेळ सुरू होतो, कारण पहिल्या बारा फॅक्शन, म्हणजे राज्यं, गेम बनवणाऱ्यांनी माणसानं खेळावं म्हणूनच बनवल्यात, नुसतं कुलूप लावून ठेवलंय. ह्या खालच्या मात्र माणसासाठी बनवलेल्याच नाहीत. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून जमीन कसायला येतीच असं नाही, रस्ता पाहिजे, पाणी पाहिजे, तसलं आहे हे.

पोपचं राज्य वरच्या यादीत नेऊन ठेवलं तर निवडायच्या पडद्यावर त्याचं नाव नाही, माहिती नाही, कारण ती माहिती दुसऱ्या एका टेक्स्ट फाइलीत असते, आणि ती पॅक करून ठेवलेली असते. मग गेमसोबत टूल्सच्या फोल्डरात जो अनपॅकर येतो तो चालवायचा, सगळा माल मोकळा करायचा, मोहिमांच्या वर्णनाची फाइल शोधायची, त्यात पोपच्या नावाचे दोन रकाने, शीर्षक आणि वर्णन, स्वतः लिहून घालायचे. ह्या फाइली युनिकोडमध्येच सेव्ह करायला लागतात आणि पहिल्या ओळीत एक वाकडं चिन्ह असतं ते उडवायचं नाही. आणि एवढं करून पण गेममध्ये फरक पडत नाही, कारण गेम ती टेक्स्ट फाइल वाचतच नाही, तिच्यावरनं आधीच बनवून ठेवलेली बिन फाइल वाचतो. ती बिन फाइल डिलीट केली की मग गेम झक मारत नवीन बनवतो. शिवाय कॉन्फिगमध्ये, म्हणजे गेमच्या सेटिंगच्या फाइलीत, दोन ओळी घालून त्याला सांगायला लागतं की पॅकच्या आधी मोकळ्या फाइली बघ बाबा. ह्या दोन ओळी माहीत नसल्यामुळं किती जणांनी मोडिंग सोडून दिलं असेल देव जाणे.

कॉन्फिगमध्येच लॉग, म्हणजे गेम काय काय करतो त्याची नोंद, चालू करायची सोय आहे ती पहिल्या दिवशीच चालू करून ठेवावी. नाहीतर गेम क्रॅश झाल्यावर एक मोघम मेसेज येतो आणि आपण नुसते त्याच्याकडं बघत बसतो. लॉग असला की शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा कुठली फाइल, कितवी ओळ ते येतं.

पोप घेऊन खेळायला मजा येते पण विचित्र. घराणं नाही, वारसदार आपण ठरवायचा नाही. पोप मेला की कार्डिनल मंडळी बसून नवीन निवडणार आणि तो कुठल्याही देशाचा निघणार, आणि तो आपला राजा. मंगोल आणि तैमुरी तर सुरुवातीला नकाशावरच नसतात, ते मध्येच कुठल्यातरी शतकात पूर्वेकडनं फौजा घेऊन उगवतात, त्यामुळं त्यांना नुसतं वरच्या यादीत नेऊन उपयोग नाही, त्यांना एखादं तरी गाव आणि एक राजा हाताने लिहून द्यायला लागतो. तैमुरींसाठी मी ते सगळं बसून केलं, कारण त्यांच्याकडं तोफा बसवलेले हत्ती आहेत. आबा मागनं बघत होते, म्हणाले, "तैमूरच काय रे हा? मग हेच की पुढं मोगल झाले. बाबर त्याच्याच वंशातला." तेव्हा मला ते नुसतं ऐकून घेतल्यासारखं झालेलं, पण मोगल खेळायची कल्पना बहुतेक तिथंच रुजली.

मध्येच एक सांगतो, पॅराडॉक्स नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या गेममध्ये ही भानगडच नाही. युरोपा युनिव्हर्सालिस फोर मध्ये १४४४ ला नकाशावर जे जे आहे ते सगळं खेळता येतं, बहामनी घ्या, विजयनगर घ्या, आणि मध्येच बदलायचं असेल तर कन्सोल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून टॅग टाइप करून पुढं देशाची तीन अक्षरं. आयर्नमॅन मोड, म्हणजे लबाडी न करता खेळायचा प्रकार, चालू असेल तर कन्सोल उघडत नाही एवढंच. सोयीचं आहे पण मला त्यात ती मजा येत नाही. दार उघडंच असलं की आत काय आहे ते बघायची इच्छा होत नाही बहुतेक.

आता एम्पायर. इथं नोटपॅड चालत नाही. मेडिव्हल टू नंतर टोटल वॉरवाल्यांनी इंजिनच बदललं आणि मोहिमेची सगळी सुरुवातीची स्थिती एका बायनरी फाइलीत गेली, स्टार्टपॉस नाव, एक्स्टेन्शन ईएसएफ. डेटा, कॅम्पेन्स, मेन या फोल्डरात ती मोकळीच पडलेली असते, पण नोटपॅडमध्ये उघडली तर नुसते चौकोन. त्यासाठी मोडर लोकांनी स्वतः बनवलेले एडिटर आहेत, जुना ईएसएफ एडिटर आणि नंतर एडिटएसएफ. तेच पॅक फाइली उघडायला पॅकफाइल मॅनेजर. हे सगळं फुकट, आणि ज्यांनी बनवलं त्यांनी कंपनीकडनं कुठलाही नकाशा न घेता, फाइल उलटी सुलटी करून, कुठला बाइट काय करतो ते हुडकून काढलेलं. मला ह्या लोकांचं जाम कौतुक वाटतं. आमच्याकडं एखाद्या जुन्या मशीनचं मॅन्युअल हरवलं तर सर्व्हिसवाल्याला फोन लावतात.

एडिटरमध्ये फाइल उघडली की डाव्या बाजूला झाड दिसतं, फांदीत फांदी. एकदम वरच्या भागात प्रीओपन मॅप इन्फो नावाची फांदी, त्यात प्लेयर्स सेटअप, त्यात प्लेयर्स अ‍ॅरे. हा अ‍ॅरे म्हणजे गेममधल्या राज्यांची यादी, आणि प्रत्येक राज्यापुढं एक ट्रू किंवा फॉल्स. मराठ्यांपुढं ट्रू. मोगलांपुढं फॉल्स. एवढंच कुलूप आहे सगळं. फॉल्सचं ट्रू केलं, सेव्ह केलं, गेम चालू केला, नवीन मोहीम, आणि भारतावर क्लिक केलं तर मोगल समोर उभे. चालू असलेल्या जुन्या सेव्ह गेमवर ह्याचा काही परिणाम होत नाही, स्टार्टपॉस फक्त नवीन मोहीम सुरू होताना वाचला जातो, हे लक्षात ठेवायचं. काहीजण जुना सेव्ह उघडून बघतात आणि म्हणतात चालत नाही.

पव्याला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर फक्त एक शब्द आला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

खेळायला घेतल्यावर पहिलं काय जाणवलं तर ह्या राज्याला काही करायचंच नाहीये. म्हणजे प्रत्येक खेळण्याजोग्या राज्याला जिंकायच्या अटी असतात, इतके प्रांत, त्यात हे हे असलेच पाहिजेत, अमुक सालापर्यंत. त्या अटी वेगळ्या टेक्स्ट फाइलीत असतात, स्टार्टपॉसच्याच शेजारी. कॉम्प्युटरनं चालवायच्या राज्याला अट कशाला लागेल, म्हणून माझ्याकडं तरी ती पाटी कोरीच. मग मी त्या फाइलीत मराठ्यांच्या अटी बघून त्याच धर्तीवर मोगलांसाठी लिहिल्या. लिहिताना विचार करायला लागला की आलमगीराला, म्हणजे औरंगजेबाला, नेमकं काय मिळालं असतं म्हणजे तो जिंकला असं म्हणता येईल? सातारा? सगळं दक्खन? मी शेवटी सातारा आणि पार दक्षिणेपर्यंतचा मुलूख असं घातलं आणि साल घातलं १७०७, कारण त्या साली मार्चमध्ये तो नगरला मेला. म्हणजे चौदा पंधरा चाली फक्त.

आणि इथं गेमनं मला गंडवलं. मी फौज गोळा केली, दक्षिणेला आणली, साताऱ्याबाहेर एक मोठी लढाई झाली, हत्ती, तोफा, घोडे, सगळं, आणि सातारा पडला. सातारा पडला की त्याच्यासोबत अख्खा प्रांत आपला. मराठ्यांकडं जो काय बाकी मुलूख होता तो पुढच्या काही चालीत घेतला आणि पडद्यावर मेसेज आला की हे राज्य नष्ट झालं. विषय संपला. अजून १७०४ पण उजाडलेलं नव्हतं. मी बघतच बसलो.

आबांना सांगितलं, कारण त्यांना इतिहासाचं वेड, शाळेत शिकवून रिटायर झालेत पण शिकवायचं थांबलेलं नाही. ते हसायला लागले. म्हणाले, "अरे सातारा त्यानं खरंच घेतलेला की. १७०० मध्येच घेतला. राजाराम महाराज मार्चमध्ये सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये सातारा पडला. पुढच्या वर्षी पन्हाळा घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी विशाळगड. मग काय झालं? संपलं काय राज्य?" मी म्हटलं नाही. म्हणाले, "मग तुझ्या गेममध्ये ताराराणी नाहीत बघ. पंचवीस वर्षांची बाई, पोराला गादीवर बसवून सात वर्षं तिनं त्याला नाचवला. तो किल्ला घेऊन पुढं गेला की मागचा हिनं परत घेतला." कावळा नाक्यावरनं रोज ये जा करतो, रोज ताराराणींचा तो घोड्यावरचा पुतळा बघतो, पण हे असं नकाशावर मांडून कधी डोक्यात आलं नव्हतं.

तर प्रश्न असा की हे गेममध्ये का होत नाही, आणि करायचं म्हटलं तर कुठली फांदी उघडायची.

एक कारण किल्ले. गेमच्या हिशोबात प्रांत म्हणजे एक राजधानी, बाजूला दोन चार लहान गावं, बंदर. राजधानी ज्याची त्याचा प्रांत. पन्हाळा, विशाळगड, रायगड, असे पन्नास साठ खिळे ठोकलेला मुलूख ही कल्पनाच त्यात बसत नाही. दुसरं कारण मला आबांनीच सांगितलं आणि ते ऐकून मी उडालोच, की ह्या गेममध्ये पावसाळा नाही. वर्षाच्या दोन चाली, उन्हाळा आणि हिवाळा, युरोपात बर्फ दिसतो, पण जून ते सप्टेंबर इकडं जे काय होतं त्याचा पत्ता नाही. विशाळगड घेऊन परत फिरताना मोगल फौज पावसात सापडली, ओढ्यांना पूर, चिखलात जनावरं मेली, आणि एवढंसं अंतर तोडायला त्यांना महिना उलटून गेला. ज्यानं आंबा घाट पावसात बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. राधानगरीचे दरवाजे उघडले की आम्ही इथं शहरात बसून पंचगंगेची पातळी बघत असतो, आणि हे हत्ती, तंबू, बाजारबुणगे घेऊन निघालेले. गेममध्ये मात्र फौज घाटावरनं हायवे असल्यासारखी उतरते.

पाऊस काय मला घालता येणार नव्हता. मग जे घालता येतं ते बघितलं. स्टार्टपॉसच्या झाडात खाली फॅक्शन अ‍ॅरे असतो, तिथं प्रत्येक राज्याचा खजिना आकड्यात असतो. मराठ्यांचा भरपूर वाढवला. मग राज्याराज्यांमधल्या संबंधांची यादी असते, त्यात कुणाचं कुणाशी युद्ध, कुणाची मैत्री हे चक्क शब्दात लिहिलेलं असतं, तो शब्द बदलायचा. पण दोन्हीकडं बदलायला लागतो, म्हणजे मोगलांच्या यादीत मैसूरशी युद्ध लिहिलं तर मैसूरच्या यादीत पण मोगलांशी युद्ध पाहिजे, नाहीतर विचित्र काहीतरी होतं. मी मैसूरला मोगलांच्या अंगावर घातलं. इतिहासात असं नव्हतं, पण मला दक्षिणेत कुणीतरी पाठीवर पाहिजे होतं.

आणि मग खेळताना एक गोष्ट सापडली जी गेमात आधीपासून होती, मी मराठे घेऊन खेळताना मला ती एवढी जाणवलीच नव्हती. धर्मावरनं होणारी अशांतता. प्रांतात लोकांचा धर्म एक आणि राज्यकर्त्यांचा दुसरा असला की लोक नाखूश, त्यात नुकताच जिंकलेला मुलूख म्हणून आणखी नाखूश. सातारा घेतल्यावर खालच्या वर्गाचा आकडा जो लाल झाला तो लालच राहिला. कर माफ करून बघितला, थोडा फरक. शिबंदी वाढवली, मग तिथं अडकलेली फौज पुढं न्यायची सोय नाही आणि तिचा पगार चालूच. शिबंदी काढली की बंड. बंड मोडलं की परत शिबंदी. मराठ्यांचा खजिना वाढवल्यामुळं त्यांच्याकडं पण आता मोठी फौज होती, त्यातली एक मी सातारा घेत असताना वळसा घालून उत्तरेत माझ्याच गावात घुसली. मग मी अर्धी फौज मागं पाठवली आणि साताऱ्यात परत बंड. १७०७ आला तेव्हा माझ्या हातात सातारा होता, खजिना रिकामा होता आणि जिंकायची अट पूर्ण झालेली नव्हती.

आबांना दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ नकाशा बघितला आणि म्हणाले, "हां, आता जरा बरोबर वाटतंय."

कोल्हापूरची गादी घालता येईल का हे पण बघितलं, कारण १७०० ते १७९९ मध्ये आपल्याकडं मोठी घडामोड तीच, ताराराणींनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली १७१० ला आणि १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर कायमचे वेगळे. एम्पायरमध्ये नवीन राज्य शून्यातनं घालायचं म्हणजे स्टार्टपॉसमध्ये शेकडो ठिकाणी हात घालायला लागतो, शिवाय डेटाबेसच्या टेबलात झेंडा, रंग, युनिट, सगळं. मेडिव्हल टू मध्ये नवीन राज्य घालता येतं पण बंडखोर धरून ३१ च्या वर जाता येत नाही, ती मर्यादा एक्झीच्या, म्हणजे गेमच्या मुख्य प्रोग्रामच्या, आत आहे, म्हणून मोठे मोड करणारे लोक जुन्याच एखाद्या राज्याचं नाव, झेंडा बदलून वापरतात. तसं करून एखादं लहान राज्य कोल्हापूर म्हणून उभं करता येईल, पण साताऱ्याशेजारी त्याला प्रांत कुठनं देणार, नकाशाच नवीन करायला पाहिजे. ते काम माझ्या कुवतीबाहेरचं आहे.

पुढच्या गेमांना, म्हणजे शोगन टू पासून, कंपनीनंच असेंब्ली किट म्हणून डेव्हलपर टूल्स द्यायला सुरुवात केली, त्यात डेटाबेस बदलायचं वेगळं, सगळं बांधून स्टार्टपॉस नव्यानं बनवायचं वेगळं, त्याला बॉब म्हणतात. चोरून बाइट हुडकण्यापेक्षा हे सरळ काम. पण माझ्या लॅपटॉपला ते झेपत नाही, बॉबला काम लावलं की पंखा असा फिरतो की आई विचारते मिक्सर चालूय काय, म्हणून ते मी फार केलेलं नाही.

एक वाद नेहमी होतो त्याच्यावर माझं म्हणणं सांगतो. गेमच्या आत जे पडून आहे, आपण विकत घेतलंय, ते उघडणं वेगळं आणि जी फॅक्शन डीएलसी म्हणून, म्हणजे मूळ गेमच्या वर वेगळे पैसे घेऊन, विकतात ती फुकटात उघडायचा जुगाड वेगळा. नवीन गेमात दोन्हीला लोक अनलॉकच म्हणतात. मोगल कुणी विकत नाही, त्यामुळं मी निवांत आहे. डीएलसीवालं मी करत नाही, सेल लागला की घेतो, वर्षातनं काही वेळा लागतोच. आणि बदललेली फाइल घेऊन ऑनलाइन दुसऱ्याशी खेळायला जायचं नाही, दोघांकडं तीच फाइल नसेल तर जुळतच नाही, आणि असली तरी समोरच्याला आधी सांगावं.

आणि स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानावर, गेम घेतलेला असेल तर बदललेला स्टार्टपॉस गेमच्या फोल्डरबाहेर पण एकदा कॉपी करून ठेवा. काही बिघडलं म्हणून फाइली तपासायचं बटण दाबलं की स्टीम मूळची फाइल परत आणून ठेवतं, आपलं सगळं काम साफ. उलट्या बाजूनं बघितलं तर हीच सोय पण आहे, कितीही वाट लावली तरी ते एक बटण आहे.

पव्याचं काय झालं तर महिनाभर मला आलमगीर म्हणून हाक मारत होता, चहाच्या गाड्यावर सगळ्यांसमोर. मग एका रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन घरी आला आणि म्हणाला, मैसूरचं पण ट्रू केलंयस काय, मला टिपू खेळायचाय. म्हटलं टिपू जन्मायला अजून पन्नास वर्षं आहेत, १७०० ला तिथं वोडेयार आहेत, हैदर पण नाही. म्हणाला चालतंय, दे. मी त्याला तीच फाइल दिली, मराठ्यांचा खजिना वाढवलेली, आणि ते काही सांगितलं नाही. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन, आवाज चढलेला.

"आरं हे मराठे थांबत का नाहीत? आत्ता एक फौज मारली, दुसरी आली, तिसरी बंदरात बसलीय! पैसा कुठनं आणतात हे?"

मी म्हटलं, तालमीत सांगू काय?